रक्ताच्या नमुन्यात माती-पाण्यातला जिवाणू सापडला, तर त्याला आजाराचे कारण मानावे का?

प्रश्न (जिज्ञासू_वाचक)

माझ्या मावशींवर रक्ताच्या कर्करोगासाठी केमोथेरपी सुरू असून औषधे देण्यासाठी त्यांच्या छातीत सेंट्रल लाइन बसवलेली आहे. मध्यंतरी त्यांना थंडी वाजून ताप आला, म्हणून रक्ताचे कल्चर (रक्तात जिवाणू आहेत का, हे ते वाढवून पाहण्याची तपासणी) पाठवण्यात आले. दोन बाटल्या लाइनमधून आणि दोन हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्ताच्या होत्या. त्यांपैकी लाइनच्या एका बाटलीत ‘स्फिंगोमोनास पॉसिमोबिलिस’ नावाचा जिवाणू वाढला, असे अहवालात लिहून आले. त्याच अहवालाच्या तळाशी मात्र ‘नमुना दूषित झालेला असण्याची शक्यता आहे, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे’ अशी टीप होती. डॉक्टरांनी अँटिबायोटिक चालू ठेवून कल्चर पुन्हा पाठवले आहे. उपचारांविषयी माझी काहीच तक्रार नाही. माझी अडचण समजून घेण्याची आहे.

जिवाणूचे नाव इतक्या ठामपणे सांगता येत असेल, तर त्याच्या असण्याविषयी लगेच शंका का घेतली जाते? हा जिवाणू पाण्यात आणि मातीत सर्वत्र राहतो, असे मी वाचले. मग तो कोट्यवधी लोकांच्या अंगावर रोज पडत असताना एखाद्यालाच आजारी कसा पाडतो? शोध घेताना मला दोन टोकाची मते दिसली. काही ठिकाणी अशा जिवाणूंना निरुपद्रवी म्हणून झटकून टाकलेले होते, तर काही ठिकाणी ऊतींमध्ये डीएनए सापडल्याच्या आधारावर कित्येक जुनाट आजारांचे खापर अशाच कुठल्यातरी अपरिचित जिवाणूवर फोडलेले होते. पर्यावरणातला एखादा विरळा जिवाणू आणि माणसाचा आजार यांचा संबंध खरा की योगायोगाचा, हे जाणकार नेमके कशावरून ठरवतात?

उत्तर १ (कल्चर_प्लेट)

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि अशा टिपा लिहिणे हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. अहवालातली दोन विधाने एकमेकांच्या विरोधात नाहीत, कारण पहिले विधान बाटलीविषयी आहे आणि दुसरे रुग्णाविषयी. बाटलीत काय वाढले, हे आम्ही बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. ते बाटलीत कुठून आले, हे मात्र बाटली पाहून कळत नाही. ते रक्तातून आलेले असेल, लाइनच्या तोंडावरून आलेले असेल, सुई टोचण्यापूर्वी त्वचेवर लावलेल्या द्रावणातून आलेले असेल किंवा नमुना हाताळणाऱ्याच्या ओल्या हातावरूनही आलेले असेल.

स्फिंगोमोनासच्या वसाहती प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या ताटलीवर, हळदीसारख्या पिवळ्याधमक दिसतात आणि त्या वाढायला नेहमीच्या जिवाणूंपेक्षा जास्त वेळ लागतो. बहुतेक ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅम नावाच्या रंगचाचणीत गुलाबी दिसणाऱ्या) जिवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असते आणि रक्तातल्या संसर्गात रक्तदाब कोसळण्यामागे या द्रव्याचा मोठा हात असतो. स्फिंगोमोनासच्या आवरणात ते नसते, त्याऐवजी ग्लायकोस्फिंगोलिपिड असते. त्यामुळे तो खरोखर रक्तात शिरला, तरी आजार सहसा सौम्य राहतो. अर्थात सौम्य म्हणजे खोटा नव्हे. डायलिसिस, सेंट्रल लाइन आणि कर्करोगाचे उपचार या परिस्थितींत त्याचे खरे संसर्ग पुन्हा पुन्हा नोंदले गेले आहेत.

आता निर्णय कसा होतो ते पाहू. लाइन आणि हाताची शीर अशा दोन ठिकाणांहून एकाच वेळी रक्त घेण्याचे कारण हेच असते की, दोन्हीकडे तोच जिवाणू आला तर तो रक्तात फिरत असल्याचे मानता येते. शिवाय बाटल्या ठेवण्याचे यंत्र प्रत्येक बाटली किती तासांनी पॉझिटिव्ह झाली, म्हणजे तिच्यात वाढ दिसली, याची नोंद ठेवते. लाइनची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन किंवा अधिक तास आधी पॉझिटिव्ह झाली, तर लाइनमध्येच जिवाणूंचा साठा आहे असा अर्थ घेतला जातो, कारण जिथे जिवाणू जास्त तिथे वाढ लवकर दिसते. फक्त लाइनच्या एकाच बाटलीत वाढ झाली, तर तो जिवाणू लाइनच्या तोंडावर बसलेला असू शकतो, रक्तात असेलच असे नाही. म्हणून कल्चर पुन्हा पाठवण्याचा निर्णय अगदी योग्य आहे.

अशा जिवाणूंच्या बाबतीत आमचे लक्ष रुग्णाइतकेच द्रवांकडेही असते. राल्स्टोनिया पिकेटी हा पाण्यातला जिवाणू इतका बारीक होऊ शकतो की, निर्जंतुक द्रावणे गाळण्यासाठी वापरली जाणारी ०.२ मायक्रॉनची गाळणीही तो पार करतो, आणि सलाईन दूषित झाल्यामुळे त्याचे उद्रेक झालेले आहेत. बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटाचे जिवाणू तर जंतुनाशक द्रावणातच जिवंत राहतात. क्लोरहेक्सिडिन आणि पोव्हिडोन-आयोडिन यांच्या बाटल्या त्यांनी दूषित झाल्याच्या नोंदी आहेत. ज्याने त्वचा पुसून स्वच्छ करायची तेच जिवाणूचे घर झाले, तर प्रत्येक रुग्णाचे कल्चर पॉझिटिव्ह येणार. म्हणून एकाच आठवड्यात एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तीन-चार रुग्णांत तोच अनोळखी जिवाणू आला, की अनुभवी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आधी द्रावणांच्या बाटल्या मागवतो. याला आम्ही खोटा उद्रेक म्हणतो. त्यातली खरी हानी म्हणजे निरोगी रक्ताला दिलेली तीव्र अँटिबायोटिके.

पण ‘दूषित नमुना’ हा शिक्का सोयीचाही असतो आणि त्याचा एक इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायला हवा. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर २२१ जण आजारी पडून ३४ जण दगावले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातील जोसेफ मॅकडेड यांना गिनीपिगच्या ऊतींच्या काचपट्ट्यांवर तुरळक दंडगोलाकार जिवाणू दिसले होते, परंतु ते चुकून आलेले असावेत असे मानून त्यांनी ते बाजूला ठेवले. वर्ष संपताना, नाताळच्या सुट्टीत, त्याच काचपट्ट्या त्यांनी पुन्हा पाहिल्या, कोंबडीच्या फलित अंड्यांत जिवाणू वाढवला आणि आजारातून बरे झालेल्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे त्याच जिवाणूला चिकटतात हे दाखवले. जानेवारी १९७७ मध्ये लीजिओनेला जगाला माहीत झाला. मग साठवून ठेवलेले जुने नमुने तपासले गेले, तेव्हा १९६५ आणि १९६८ मधल्या न उलगडलेल्या साथींमागेही हेच जिवाणू निघाले. नेहमीच्या माध्यमावर तो वाढत नाही, त्याला लोह आणि सिस्टीन असलेले कोळशाचे काळे माध्यम लागते. त्यामुळे इतकी वर्षे कोणाला तो दिसलाच नव्हता.

मला विचाराल तर कल्चरमध्ये कोण आले यापेक्षा ते शरीराच्या कोणत्या जागेतून आले, किती वेळा आले आणि त्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कशी आहे, या तीन गोष्टींवर निकाल ठरतो. मेंदूभोवतालच्या द्रवात, सांध्यात किंवा यकृतातल्या गळवात आलेला ‘निरुपद्रवी’ जिवाणू आम्ही गंभीरपणे घेतो. तोच थुंकीत आला तर बहुधा बाजूला ठेवतो.

जिज्ञासू_वाचक

मनापासून आभार. आज दुसऱ्या कल्चरचा अहवाल मिळाला. लाइनच्या आणि हाताच्या दोन्ही बाटल्यांत तोच जिवाणू वाढला आहे आणि लाइनच्या बाटल्या आधी पॉझिटिव्ह झाल्या, असे डॉक्टरांनी सांगितले. लाइन काढण्याचा विचार सुरू आहे. आपण लिहिलेले वाचलेले असल्याने त्यांचे म्हणणे लगेच समजले. आता एक गोष्ट मनात आहे. कोणत्या जिवाणूला केवळ नावावरूनच गंभीर मानतात, असे काही आहे का?

उत्तर २ (वॉर्ड_राउंड)

आहे, आणि यादी फार लांब नाही. मी फिजिशियन म्हणून काम केले आहे आणि त्या यादीत माझ्या दृष्टीने पहिले नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हे आहे. यापासून होणाऱ्या आजाराला मेलिऑयडोसिस म्हणतात. १९१२ मध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी रंगूनमध्ये शवविच्छेदन केलेल्या रुग्णांच्या आधारे त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. हा जिवाणू उष्ण प्रदेशांतल्या ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पायाच्या बारीक जखमेतून, दूषित पाण्यातून किंवा वादळी पावसात हवेत उडालेल्या थेंबांच्या श्वासातून तो शरीरात जातो. ईशान्य थायलंड आणि उत्तर ऑस्ट्रेलियात त्याचा सखोल अभ्यास झालेला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा आजार होतो आणि त्यांतले सुमारे ८९ हजार दगावतात. इतकी मोठी संख्या असूनही तो ‘विरळा’ समजला जातो, याचे एक कारण असे की, तो ओळखला जात नाही.

न ओळखण्याची रीत ठरलेली आहे. रुग्णाला मधुमेह असतो. कधी न्यूमोनिया, कधी यकृतात किंवा प्लीहेत गळवे, कधी आठवडेच्या आठवडे ताप आणि क्ष-किरणात क्षयरोगासारखी सावली दिसते, म्हणून क्षयरोगाची औषधे सुरू होतात. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, तरी औषधे चालू राहतात. दुसरीकडे कल्चरमध्ये काहीतरी वाढते आणि ‘स्यूडोमोनासची कोणती तरी जात’ असे लिहून विषय संपवला जातो. जिवाणू ओळखणारी स्वयंचलित यंत्रेही चुकतात, ती त्याला त्याचा जवळचा नातलग सेपेशिया किंवा थायलंडेन्सिस ठरवतात. खरे म्हणजे साध्या साहित्यातही संशय घेता येतो. ऑक्सिडेस चाचणी पॉझिटिव्ह असलेला ग्रॅम-निगेटिव्ह दंडगोल, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्ही अँटिबायोटिकांना दाद न देणारा, पण को-ॲमॉक्सिक्लॅव या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ सोडणारा (म्हणजे त्या औषधाने मरणारा) असेल, तर तो दुसरे काही सिद्ध होईपर्यंत मेलिऑयडोसिसच समजावा. अपवाद आहेत, बोर्निओतील सारावाकमध्ये जेंटामायसिनला बळी पडणारे वाण मिळतात, पण या नियमाने कितीतरी जीव वाचू शकतात. प्लेट लगेच फेकून न देता तीन-चार दिवस ठेवली, तर वसाहतींवर सुरकुत्या पडलेल्या दिसतात, तोही एक इशारा असतो.

ओळखण्याला इतके महत्त्व आहे, कारण उपचार वेगळे आहेत. शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम किमान दोन आठवडे आणि त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोल किमान तीन महिने द्यावे लागते. मधेच औषध सोडले तर आजार उलटतो. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विन येथे १९८९ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली जाते. तिथे पहिल्या पाच वर्षांत मृत्युदर ३१ टक्के होता, तो तीस वर्षांनंतर ६ टक्क्यांवर आला. जिवाणू बदललेला नाही. लवकर संशय घेणे, अतिदक्षता विभागातील उपचार आणि योग्य औषध यांनी हा फरक पडला.

हा जिवाणू शरीरात दडूनही बसतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात युद्धकैदी असलेल्या एका माणसाला ६२ वर्षांनी आजार झाल्याची नोंद आहे. म्हणून रुग्ण ‘पूर्वी कुठे राहत होता’ हा प्रश्न फक्त अलीकडच्या प्रवासापुरता विचारून भागत नाही. उलट प्रवासच झालेला नसेल तर काय, याचे उदाहरण २०२१ मध्ये मिळाले. अमेरिकेतल्या चार वेगवेगळ्या राज्यांतील चार जणांना हा आजार झाला, त्यांतले कोणीही परदेशी गेलेले नव्हते आणि दोघे दगावले. चारही रुग्णांतील वाण जनुकीयदृष्ट्या सारखा होता आणि तो दक्षिण आशियातील वाणांशी जुळत होता. शेवटी एका रुग्णाच्या घरी खोलीत फवारायच्या, भारतात तयार झालेल्या सुगंधी द्रव्याच्या बाटलीत तो सापडला.

आपण मूळ प्रश्नात विचारले होते की, सर्वांच्या संपर्कात येणारा जिवाणू एखाद्यालाच का पाडतो. याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियमने दिले. उष्ण प्रदेशांतल्या पाण्या-मातीतला हा जिवाणू प्लेटवर गडद जांभळ्या रंगाने उठून दिसतो. त्याचे मानवी संसर्ग फार थोडे आहेत, पण झालाच तर तो काही दिवसांत यकृतात गळवे करून जीव घेऊ शकतो. अशा रुग्णांत, विशेषतः मुलांत, ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ हा जन्मजात दोष पुन्हा पुन्हा आढळतो. त्यात पांढऱ्या पेशी जिवाणूला गिळतात, पण त्याला मारण्यासाठी लागणारी ऑक्सिजनची दाहक संयुगे तयार करू शकत नाहीत. निरोगी माणसात हेच काम इतक्या लवकर होते की, आपल्याला संसर्गाची चाहूलही लागत नाही. म्हणून एखाद्या मुलात जांभळा जिवाणू वाढला, तर त्याला औषध देऊन थांबू नये, त्याच्या पांढऱ्या पेशींची तपासणी करावी. मेलिऑयडोसिसमध्ये मधुमेहाचा वाटा मोठा आहे. एचआयव्हीमुळे मात्र त्याचा धोका वाढलेला दिसत नाही. म्हणजे ‘प्रतिकारशक्ती कमी’ हा शब्दप्रयोग फार ढोबळ आहे, प्रतिकारशक्तीचा कोणता धागा तुटला आहे त्यावर कोणता जिवाणू आत शिरेल हे ठरते.

आणि कधीकधी सर्व नीट करूनही उगम सापडत नाही. २०१५ च्या अखेरीपासून अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलिझाबेथकिंगिया ॲनोफेलिस या जिवाणूच्या संसर्गाचे ६३ रुग्ण आढळले, १८ जण मरण पावले. बहुतेक रुग्ण वयस्कर होते आणि त्यांना आधीपासून गंभीर आजार होते. जिवाणू एकच होता हे जनुकक्रमावरून सिद्ध झाले, पाणी, अन्न, औषधी उत्पादने असे बरेच काही तपासले गेले, तरी तो आला कुठून हे शेवटपर्यंत कळले नाही.

उत्तर ३ (क्रमवारी)

वरच्या दोन्ही उत्तरांत जिवंत जिवाणू वाढवून दाखवलेला आहे. जुनाट आजारांविषयीचे बहुतेक दावे मात्र निव्वळ डीएनएवर उभे असतात, आणि माझे काम त्याच क्षेत्रातले असल्याने त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

२०१४ मध्ये एक अतिशय साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी सॅल्मोनेला बोंगोरी या एकाच जिवाणूचे शुद्ध कल्चर घेतले, ते टप्प्याटप्प्याने पातळ करत नेले आणि प्रत्येक टप्प्यावर डीएनए काढून त्याचा जनुकक्रम वाचला. घट्ट नमुन्यात अपेक्षेप्रमाणे सॅल्मोनेलाच दिसला. नमुना जसजसा पातळ होत गेला, तसतसे मुळात तिथे नसलेले जिवाणू दिसू लागले आणि शेवटच्या टप्प्यांत त्यांचेच राज्य झाले. ते डीएनए काढण्याच्या किटमधून आणि प्रयोगशाळेच्या पाण्यातून आलेले होते. त्यांची नावे पाहा: राल्स्टोनिया, स्फिंगोमोनास, ब्रॅडिरायझोबियम, बर्कहोल्डेरिया. माती-पाण्यातले, अल्प पोषणावर जगणारे, शुद्ध पाण्याच्या नळ्यांतही तग धरणारे हे जिवाणू आहेत. म्हणून रक्त, मेंदू, सांध्यातला द्रव अशा जिवाणू जवळजवळ नसलेल्या ऊतींत हीच नावे आढळल्याचा निबंध माझ्यासमोर येतो, तेव्हा मी निष्कर्ष नंतर वाचतो, आधी कोऱ्या नमुन्यांचे (ऊती न घालता तीच सगळी प्रक्रिया केलेल्या नमुन्यांचे) निकाल शोधतो. ते दिलेले नसतील, तर पुढे वाचण्यात फारसा अर्थ नसतो.

गर्भवेष्टनाचे, म्हणजे वारेचे (प्लासेंटाचे), प्रकरण याच वाटेने गेले. २०१४ मध्ये निरोगी वारेत जिवाणूंचा स्वतःचा समुदाय असतो असे मांडले गेले आणि त्यावर पुष्कळ कल्पना रचल्या गेल्या. २०१९ मध्ये पाचशेहून अधिक स्त्रियांच्या वारांचे नमुने दोन वेगळ्या किटांनी आणि कोऱ्या नमुन्यांसह तपासले, तेव्हा बहुतेक जिवाणू प्रयोगसाहित्यातून किंवा प्रसूतीच्या वेळी आलेले निघाले. सुमारे ५ टक्के नमुन्यांत आढळलेला स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिए मात्र खरा ठरला. नेटका अभ्यास असा असतो, तो खोटे वगळतो आणि खरे हातून सुटू देत नाही.

मधल्या, न सुटलेल्या प्रकरणांत मला सर्वांत जास्त रस आहे. २०१३ मध्ये नाळेतील रक्तपेशींचे प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांच्या आतड्याच्या दाहात ब्रॅडिरायझोबियमच्या एका नव्या जातीचा जवळजवळ पूर्ण जनुकसंच मिळाला. तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्यांत तो मिळाला नाही. पुरावा वरवरचा नव्हता. पण ब्रॅडिरायझोबियम म्हणजे शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरच्या गाठींत नत्र स्थिर करणारी प्रजाती, आणि किटमधल्या नेहमीच्या पाहुण्यांपैकीही एक. अशा वेळी दाहाच्या जागी जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणे, दुसऱ्या केंद्रातील रुग्णांत तो मिळवणे आणि उपचारांनंतर तो नाहीसा होताना पाहणे, इतके तरी व्हायला हवे.

हे अशक्य नाही, हे व्हिपल आजाराने दाखवून दिले आहे. जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये रुग्णाच्या ऊतीत दंडगोलाकार आकार पाहिले होते. १९९२ मध्ये त्या जिवाणूचा जनुकक्रम वाचला गेला आणि २००० मध्ये तो मानवी पेशींच्या कल्चरमध्ये वाढवता आला. ट्रोफेरिमा व्हिपली असे त्याचे नाव. ऊतीत दिसणे, जनुक जुळणे, जिवंत वाढणे आणि अँटिबायोटिकने रुग्ण सुधारताना नाहीसे होणे, या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. तरीही हा जिवाणू सांडपाण्यात मिळतो आणि सांडपाणी प्रकल्पांत काम करणाऱ्या कित्येक निरोगी लोकांच्या शौचातही मिळतो. आजार मात्र अगदी थोड्यांना होतो. त्यामुळे कारण सिद्ध झाले, तरी ‘सापडला म्हणजे आजार’ असे समीकरण इथेही चालत नाही. एखादा जिवाणू आजाराचे कारण आहे का हे ठरवण्याच्या रॉबर्ट कॉख यांच्या कसोट्यांतली ‘निरोगी शरीरात तो नसावा’ ही अट अशा जिवाणूंनी कधीच मोडीत काढली आहे. १९९६ मध्ये फ्रेड्रिक्स आणि रेलमन यांनी जनुकक्रमांसाठी त्या कसोट्या नव्याने मांडल्या, तेव्हा नुसत्या असण्याऐवजी प्रमाण, जागा आणि उपचारांबरोबर होणारी घट यांवर भर दिला.

जिज्ञासू_वाचक

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल तिघांचेही आभार. मावशींची लाइन आज काढली. शेवटची विचारणा व्यवहारातली आहे. हे जिवाणू सर्वत्रच असतील, तर प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाने घरात नेमके काय टाळावे? सगळेच टाळायचे म्हटले तर जगणे अवघड होईल. त्यांना कुंड्यांतली झाडे फार प्रिय आहेत.

उत्तर ४ (कल्चर_प्लेट)

सगळे टाळणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. जिवाणूंना शरीरात शिरण्याच्या वाटा मोजक्या आहेत, तेवढ्याच राखायच्या.

पहिली वाट म्हणजे कृत्रिम नळी. पुढे नवी लाइन बसवली, तर स्नानाच्या वेळी तिचे तोंड आणि पट्टी भिजू देऊ नका. नळाचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी ते निर्जंतुक नसते, आणि लाइनला त्याचा एक थेंब पुरेसा होतो. लाइन फक्त निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सलाईनने धुवावी. उघडलेली बाटली ‘अजून भरलेली आहे’ म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

दुसरी वाट श्वासाची. लीजिओनेला पाण्यात अमीबाच्या पोटात वाढतो आणि तिथे जगण्यासाठी लागणारी यंत्रणाच त्याला आपल्या फुफ्फुसातल्या भक्षक पेशींत वापरता येते. तो प्यायलेल्या पाण्यातून सहसा त्रास देत नाही, श्वासात गेलेल्या बारीक तुषारांतून देतो. म्हणून नेब्युलायझर, वाफेची यंत्रे आणि हवा ओलसर करणारी यंत्रे यांत नळाचे पाणी भरू नये, निर्जंतुक पाणी वापरावे आणि भांडे रोज धुऊन कोरडे करावे. साठवलेले गरम पाणी कोमट ठेवण्यापेक्षा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवणे चांगले, कारण २५ ते ४५ अंशांत हा जिवाणू झपाट्याने वाढतो. अर्थात वापरताना भाजणार नाही याची काळजी घ्यावी. बरेच दिवस बंद असलेला शॉवर वापरण्याआधी त्याचे पाणी काही मिनिटे वाहू द्यावे आणि त्या वेळी मावशींनी तिथे थांबू नये.

आता कुंड्यांचे. लीजिओनेला लाँगबीचे नावाची त्याचीच एक जात कुंडीच्या मातीत आणि कंपोस्टमध्ये राहते, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये बागकाम करणाऱ्यांत तिने होणारा न्यूमोनिया पुष्कळ आढळतो. इथे एक बारकावा आहे. लीजिओनेलासाठी लघवीची जी चाचणी सर्वाधिक केली जाते, ती लीजिओनेला न्यूमोफिलाचा पहिला उपप्रकारच मुख्यतः पकडते. त्यामुळे मातीतून आलेला संसर्ग त्या चाचणीत निगेटिव्ह येतो. कधी न्यूमोनिया झालाच, तर मातीशी संपर्क आल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा, म्हणजे ते थुंकीचा नमुना कल्चर किंवा पीसीआरसाठी पाठवतील.

पांढऱ्या पेशी खूप कमी असतील त्या दिवसांत मावशींनी मातीत हात घालू नये आणि फुलदाणीतले शिळे पाणीही बदलू नये, ती कामे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावीत. पेशी पूर्ववत झाल्या आणि त्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला, की कुंड्या त्यांच्या त्यांना परत मिळू शकतात. तेव्हाही हातमोजे घालावेत, मास्क लावावा, कंपोस्टची पिशवी मोकळ्या हवेत, तोंडापासून दूर धरून हळूच उघडावी, माती आधी ओलसर करावी म्हणजे धूळ उडत नाही, आणि काम झाल्यावर तोंडाला हात लावण्यापूर्वी ते साबणाने धुवावेत. झाडांना पाणी झारीने बुंध्याशी घालावे, पाइपने फवारू नये.